चौतीस पत्रांची झालर

आमच्या घरात एक वाजता जेवण म्हणजे एक वाजता जेवण. आमचे हे जप्तीच्या गोदामात कारकून. बावीस वर्षं रोज पाऊण वाजता सायकलवर टांग टाकायची, घरी येऊन गरम गरम जेवायचं आणि दोनच्या ठोक्याला परत खुर्चीत. डबा न्यायचं नाव नाही. का, तर डब्यातलं गार होतं आणि गार अन्न यांच्या घशाखाली उतरत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात या खोडीपायी मी ताट आपटलं होतं. आता त्याच खोडीला मनातल्या मनात हात जोडते. कारण त्या दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी हे ताटावर बसून दुसऱ्यांदा भाजी मागत होते, आणि तेवढ्यात गोदाम उडालं.

आवाज कसा होता म्हणाल तर मला आठवत नाही. आधी जमीन हलली, मग खिडकीची काच घरात आली, मग फळीवरचे डबे धडाधड खाली. मी भाजीची पळी हातात धरून तशीच उभी. हे ताटावरून उठले, खिडकीशी गेले, नदीकाठच्या गोदामाच्या बाजूला बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आठ नंबरची तार." आणि खरकट्या हाताने सायकल काढून गेले. मी मागून ओरडतेय, "अहो, हात तरी धुवा!" अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल त्याचा नेम नाही.

जप्तीचं गोदाम म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही दारूगोळा सांभाळत होतो. नगरपालिकेची माणसं रस्त्यावरून जे उचलून आणतात ते तिथे ठेवायचं. विनापरवाना हातगाड्या, त्यांच्यावरचे गॅसचे सिलिंडर, चोरून विकायला आणलेले फटाके, कुणाच्या तळघरात सापडलेली थिनरची पिंपं. आणणारे उत्साहाने आणून टाकत, पण पुढे त्याची विल्हेवाट लावायची म्हटलं की सगळे हात वर करत. नऊ वर्षांत ढीग छताला लागला. फटाक्यांच्या खोक्यांना टेकून सिलिंडर, सिलिंडरांना टेकून थिनर, आणि वरून गेलेली आठ नंबरची तार. तिचं रबर उंदरांनी खाऊन टाकलेलं. यातून पुढे काय होणार ते आमच्या यांना कळत होतं. मोठ्या साहेबांना कळत नव्हतं, कारण मोठे साहेब तिथे कधी आलेच नाहीत.

एक्केचाळीस माणसं गेली. गोदामामागच्या तीन गल्ल्या राहिल्याच नाहीत. गोदामाचा रखवालदार गेला, यांचा बावीस वर्षांचा सोबती. तो घरून डबा आणायचा आणि आत, दाराजवळ खुर्ची टाकून तिथेच जेवायचा. "त्याला गार चालायचं," असं आमचे हे त्या संध्याकाळी एकदाच म्हणाले, आणि मग जे गप्प झाले ते झालेच. मी तशी हसत-खिदळत बोलणारी बाई आहे, पण हे सांगताना इथे दर वेळी मला थांबावं लागतं.

बरं. मग शहर बोलायला लागलं.

पहिले दोन दिवस सगळे माणसासारखे वागले, खोटं कशाला बोला. रक्त द्यायला एवढी रांग लागली की डॉक्टरांनाच सांगावं लागलं, बाबांनो, थोडं तुमच्याही अंगात राहू द्या. तिसऱ्या दिवसापासून मात्र जो तो तज्ज्ञ. आमच्या इमारतीखाली सायकलवाला बसतो. त्याला पंक्चर कुठे आहे ते सापडायला अर्धा दिवस लागतो, पण स्फोट नेमका कुठून सुरू झाला ते तो खडूने जमिनीवर आखून दाखवायचा. न्हाव्याच्या मते गोदामाखाली भुयार होतं. शिंपीणबाईंच्या मते हे सगळं उल्केमुळे झालं, आणि उल्का म्हणजे काय असं विचारलं की त्या मशीन जोरात चालवायच्या. शिवाय "मी त्याच रस्त्याने जाणार होतो, पण नेमका उशीर झाला" असं सांगणारे गल्लीगल्लीत निघाले. ते सगळे खरंच गेले असते तर त्या दुपारी तिथे वाहतूक तुंबली असती.

मदतीचा ट्रकही आला. आम्हाला भर उन्हाळ्यात सात जाड लोकरी कांबळी मिळाली, आणि बुटांचं एक खोकं, सगळे डाव्या पायाचे. उजव्या पायाचं खोकं पलीकडच्या वस्तीला गेलं. आमचं खोकं, तुमचं खोकं, आधी तुम्ही आणा की आधी आम्ही, यावर दोन वस्त्यांची बोलणी अजून चालू आहेत. पुढारी आले, डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून. तिथे डोक्यात पडायला छप्परच उरलं नव्हतं, पण फोटो छान आले.

आणि मग दोषी कोण हे शोधायची वेळ आली. मोठे साहेब टीव्हीवर बसले, शांत चेहऱ्याने, इस्त्रीच्या शर्टात, आणि म्हणाले, "संबंधित कारकुनाने धोक्याची लेखी कल्पना एकदाही दिली नाही." झालं! बावीस वर्षं ज्यांना शहरात कुत्रं ओळखत नव्हतं ते आमचे हे एका रात्रीत 'संबंधित कारकून' झाले. नोकरीतून घरी बसवलं. वर तुरुंगाची भाषा सुरू झाली. आणि लोक? "एकच्या ठोक्याला बरा घरी पोचला होता!" जसं काही हे पहिल्यांदाच जेवायला आले होते. सायकलवाला मला म्हणतो, "वहिनी, मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात." मी म्हटलं, "लोकांना सांग, तुमची पंक्चरंही आता लोकांकडूनच काढून घ्या." तेव्हापासून तो मला बघून पंप मारायला लागतो, टायर असो वा नसो.

लोकांचं मी मनावर घेतलं नाही. जे लागलं ते दुसरंच होतं. आठवड्याने हे रखवालदाराच्या घरी गेले. मी सोबत होते. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. रडून रडून तिचा आवाज बसलेला. म्हणाली, "तुम्ही रोज तिथे बसत होतात. तुम्हाला सगळं दिसत होतं. वरती एक अक्षर लिहायला काय झालं होतं तुम्हाला?" आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावर आल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. "अहो, लिहिलंत ना तुम्ही! एक नाही, ढीगभर पत्रं लिहिलीत! सांगायचं ना तोंडाने!"

हे म्हणाले, "तिचा माणूस गेलाय. मी दारात उभा राहून माझी पत्रं मोजून दाखवू?"

तुरुंगाची मला भीती होतीच, पण त्या दिवशी कळलं की यांना तुरुंगाचं काहीच नाही. त्या एका बाईने आपल्याला तसं समजू नये, एवढंच यांना हवं होतं. आणि त्यासाठी हे स्वतःहून तोंड उघडणार नव्हते.

चौकशी आयोग बसला तो शाळेत, कारण शहरातल्या बाकी सगळ्या सभागृहांची छतं खाली आली होती. पहिली-दुसरीच्या पोरांचे बाक. त्यांवर मोठमोठे वकील गुडघे कानाशी घेऊन बसलेले. समोर निवृत्त न्यायाधीशबाई, पांढरे केस, जाड चष्मा, आणि मागे भिंतीवर पाढे. गर्दी इतकी की खिडक्यांतून माणसं लोंबत होती. पहिल्या बाकावर रखवालदाराची बायको, मांडीवर डबा घेऊन. सुनावणी दिवसभर चालायची म्हणून रोज सकाळी डबा करून यायची आणि दुपारी बाहेर व्हरांड्यात एकटीच खायची.

यांची साक्ष सुरू झाली. हे म्हणाले, "नऊ वर्षांत चौतीस पत्रं लिहिली." सभागृहात कुजबुज. यांची पद्धत अशी की प्रत्येक पत्र मध्ये कार्बन घालून तीन प्रतींत लिहायचं. पहिली प्रत मोठ्या साहेबांना. दुसरी गोदामाच्या फाइलला. तिसरीवर साहेबांच्या कचेरीतल्या आवक-टेबलावरून पोचेचा जांभळा शिक्का मारून घ्यायचा, खाली क्रमांक, तारीख, घेणाऱ्याची सही.

"पहिल्या प्रती कुठे आहेत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

साहेबांचा वकील उठला. "महोदया, आवकेचं कपाट दुर्दैवाने स्फोटात नष्ट झालं." साहेबांची कचेरी गोदामापासून तीन मैलांवर. त्या खोलीतलं ते एक कपाट उडालं आणि शेजारच्या टेबलावरची काचेची फुलदाणी फुलांसकट जागेवर राहिली. असा नेमबाज स्फोट कुणी पाहिला असेल तर मला सांगा.

"दुसऱ्या प्रती?"

"गोदामात होत्या," हे म्हणाले. मग हे ताठ उभे राहिले, दोन महिन्यांत पहिल्यांदा. "पण तिसऱ्या प्रती घरी आहेत. सगळ्या. प्रत्येक पत्र बायकोच्या हातात दिलं आणि सांगितलं, जपून ठेव." आणि सगळ्या सभागृहादेखत माझ्याकडे असं अभिमानाने बघितलं की लग्नातही बघितलं नव्हतं.

माझ्या पायांखालची जमीन दुसऱ्यांदा हलली.

आता मी माझी बाजू सांगते, कारण मला कुणी ती नीट सांगू दिली नाही. तो कागद फार सुरेख होता हो! जाड, पांढरा, पाठकोरा, लांबीला आमच्या फळीच्या रुंदीपेक्षा बरोबर चार बोटं जास्त. हे घरी आले की कागद माझ्या हातात ठेवायचे, "जपून ठेव" म्हणायचे आणि हातपाय धुवायला जायचे. जपून म्हणजे कुठे? माझ्या घरात स्वयंपाकघराच्या फळीइतकी जपलेली जागा नाही. कोरी बाजू वर करून मी तो फळीवर अंथरायचे. पुढची कड फळीवरून खाली लोंबते, ती कात्रीने कातरून तिची झालर करायची, ही माझ्या आईची पद्धत आणि माझा सगळ्यात मोठा अभिमान. आणि त्या लोंबणाऱ्या कडेतच नेमका तो जांभळा शिक्का मागून उमटून दिसायचा. पाहुण्यांना काय वाटेल? म्हणून मी शिक्क्याचा भाग मुद्दाम मोजून कापून काढायचे. दर वर्षी जुने कागद फेकून नवे घालायचे, ते वेगळंच. बावीस वर्षांत यांनी फळीवरचा एक डबा स्वतःच्या हाताने काढला असता तरी यांना हे कळलं असतं. मग चूक एकट्या माझी कशी?

दुसऱ्या दिवशी आयोगाची तीन माणसं हातमोजे घालून माझ्या स्वयंपाकघरात आली. त्यांच्याबरोबर हे. मी मिठाचा डबा उचलला, साखरेचा उचलला, पिठाचा उचलला. खालून निघाले चार कागद. बाकीचे केव्हाच कचऱ्यात गेलेले. आयोगाच्या एका माणसाने कागद दोन बोटांत धरून उजेडात वर केला, तर खालची सगळी कड नागमोडी, मधेमधे माझी खास गोल गोल भोकं. तो इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं कौतुकच करणार.

यांनी कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुनावणीत साहेबांच्या वकिलाने माझी जी धिंड काढली ती सांगायला नको, पण सांगतेच. त्याने कागद गर्दीकडे धरला आणि म्हणाला, "महोदया, हे पत्र नव्हे. ही झालर आहे." अख्खी शाळा हसली. "बिनशिक्क्याचा कागद घरी बसून कालही लिहिता येतो. बाई, शिक्क्याची म्हणतात तीच जागा तुम्ही नेमकी का कापलीत?"

मी म्हटलं, "कारण तो दिसत होता."

"कुणाला?"

"पाहुण्यांना!"

पुन्हा हशा. न्यायाधीशबाईंनीसुद्धा चष्मा पुसायला घेतला. हसली नाही ती एक रखवालदाराची बायको. ती यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आता नुसता राग नव्हता, किळस होती. एवढं करून वर खोटी पत्रंही बनवली, असं तिला वाटलं असणार. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दोन दिवसांनी पुढची आणि शेवटची तारीख. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यात बसून भाजी चिरत होते. हे स्वयंपाकघरात आले. फळीशी गेले. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा यांनी स्वतःच्या हाताने पिठाचा डबा उचलला. खाली बघितलं. नुसतं लाकूड. डबा अलगद परत ठेवला आणि म्हणाले, "मी एकदा बघायला हवं होतं गं." मला म्हणत नव्हते, स्वतःलाच म्हणत होते. मी सुरी खाली ठेवली आणि ढसाढसा रडले, आणि कांदा नव्हता चिरत, दुधी चिरत होते.

मग मी तोंड धुतलं आणि जी गोष्ट दोन दिवस मनात दाबून ठेवली होती ती करायला जिन्याने वर निघाले.

वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. दीर मालाच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. धाकटीला आपली फळी अंथरायला कागद हवा असायचा म्हणून निम्मी पत्रं मी तिला देऊन टाकायचे, मला कुठे ठाऊक की पुढे त्या कागदांपायी जगबुडी होणार! पण आमची चार महिने बोलचाल बंद होती. कारण मी. तिच्या माहेरच्या माणसांसमोर मी तिच्या फळीवरून एक बोट फिरवलं होतं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं होतं. शिवाय म्हटलं होतं, "कागदाची कड कातरायचाही हिला कंटाळा, नुसती दुमडून ठेवते आळशी." तिने तेव्हाच हात जोडून मला दार दाखवलं होतं. आणि तिच्यासारख्या गबाळीकडे नऊ वर्षांचे कागद कशाला राहतील, असंही मी स्वतःला समजावत होते. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण नाक.

धाकटीने दार उघडलं. मला वरून खाली बघितलं आणि आपलं बोट पुढे केलं. "ताई, बोट फिरवायला आलात? थांबा, फडकं देते, पुसायला."

मी म्हटलं, "फिरव माझ्या नाकावरून. पण आधी मला तुझी फळी बघू दे."

तिला माझा चेहरा दिसला असावा. बाजूला झाली. आत गेल्यावर मी तेलाचा डबा उचलला. खाली कागद, पिवळा पडलेला, डब्याच्या बुडाची गोल छाप उमटलेली. मी कोपरा उचलला. खाली दुसरा कागद. त्याच्या खाली तिसरा. मी धाकटीकडे बघितलं.

"हे काय गं? जुना काढून नवा घालायचा असतो ना?"

"आता तेवढ्यासाठी सगळे डबे खाली कोण उतरवणार? तुम्ही नवा दिलात की मी डबे थोडे उचलून वरूनच सरकवायचे." जरा फणकाऱ्याने म्हणाली, "मोजा हवं तर, आणि सगळ्यांना दाखवा."

मोजलेच! तीन फळ्यांवर मिळून एकोणीस. एकावर एक, सगळ्यात जुना सगळ्यात खाली. आणि प्रत्येकाची पुढची कड आत दुमडलेली. मी वरच्या कागदाची दुमड उघडली. तेल नाही, धूळ नाही. आतमध्ये जांभळा शिक्का, क्रमांक, तारीख आणि सही, काल मारल्यासारखी.

मी धाकटीच्या गळ्यात पडले. ती म्हणतेय, "अहो ताई, काय झालं, डबा सांभाळा, तेल सांडेल!" सांडलंच ते. तिच्याच फळीखाली आम्ही दोघी तेलात बसून रडलो आणि हसलो. मग तिने विचारलं, "पण कशासाठी रडतोय आपण?" टीव्ही लावायचाही तिला कंटाळा.

शेवटच्या तारखेला आयोगाची हातमोजेवाली माणसं अख्ख्या फळ्याच घेऊन आली. तेलाने चिकटलेले कागद त्यांनी किटलीच्या वाफेवर एकेक करून सोडवले होते. साक्षीला धाकटी उभी राहिली. चौकशी म्हणजे काय याची तिला काडीची धास्ती नव्हती.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी सरकारी कागदपत्रं बघतेय. इतकं तारखेवार लावलेलं दप्तर मी पाहिलं नाही. तुम्ही हे कसं केलंत?"

धाकटी म्हणाली, "जुना कागद काढायचा कंटाळा येतो."

"आणि कडा? त्या इतक्या जपून का दुमडल्यात?"

"कात्री शोधायचा कंटाळा येतो."

शाळा पुन्हा हसली, पण हे हसणं वेगळं होतं. साहेबांचा वकील उठून म्हणाला की कागदांवर तेलाचे डाग आहेत. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आहेत. शिक्केही आहेत." मग आवक-टेबलाच्या कारकुनाला बोलावलं. त्या बिचाऱ्याने एकोणीस सह्या एकेक करून बघितल्या, एकदा मोठ्या साहेबांकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या पाढ्यांकडे, आणि म्हणाला, "सगळ्या माझ्याच. साहेब म्हणायचे, घेऊन ठेव, वाचायची गरज नाही." मोठे साहेब पहिलीच्या बाकावरून एकदम उठायला गेले आणि गुडघे अडकून तिथेच राहिले. त्यांना दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं.

मग न्यायाधीशबाईंनी पत्रं मोठ्याने वाचायला घेतली. उघडी तार. गळणारी पिंपं. फटाके वेगळे ठेवावेत. पुन्हा तार. एकेका पत्राबरोबर शाळा शांत होत गेली. खिडकीतली माणसंही हलेनात. मग त्या एका पत्रावर थांबल्या आणि सावकाश वाचलं, "रखवालदार यांची खुर्ची सिलिंडरांच्या ढिगाला लागून आहे. ते दुपारचे जेवणही तेथेच करतात. त्यांना रस्त्यापलीकडे स्वतंत्र चौकी बांधून द्यावी. हे मी तिसऱ्यांदा लिहीत आहे."

पहिल्या बाकावरून डबा खाली पडल्याचा आवाज आला.

त्यानंतर काय निकाल लागला ते पेपरात आलं, तुम्ही वाचलं असेल. मोठ्या साहेबांची नोकरी गेली, कपाट 'सापडलं', यांची खुर्ची यांना परत मिळाली. सायकलवाला आता सांगतो की त्याला पहिल्यापासून माहीत होतं. पण माझ्या दृष्टीने गोष्ट संपली ती त्याच दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं बाहेर उभे होतो. रखवालदाराची बायको आली आणि यांच्यासमोर उभी राहिली. डब्याला पोचा आलेला. म्हणाली, "तीनदा लिहिलं होतंत?"

यांनी मान हलवली.

"आधीच्या दोन वेळा काय लिहिलं होतंत?"

त्या दोन्ही पत्रांची झालर करून मी केव्हाच फेकून दिली होती. मी मान खाली घातली. आणि हे बोलायला लागले. क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, विषय सांगितला, आणि पहिलं पत्र 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग दुसरं. यांना चौतीसच्या चौतीस पाठ होती. ती बाई भिंतीला टेकून ऐकत होती, आणि तिच्या माणसाचा उल्लेख आला की ओठ हलवून तेवढे शब्द स्वतःशी परत म्हणत होती.

नंतर मी यांना विचारलं, "अहो, पाठ होती तर आयोगासमोर का नाही म्हणून दाखवलीत?" तर म्हणाले, "पाठ असलेल्याला शिक्का नसतो."

पत्रं संपली तेव्हा दीड वाजून गेला होता. यांची जेवणाची वेळ टळलेली बघून मला आपली उगाच काळजी. रखवालदाराच्या बायकोने व्हरांड्यातच बसून डबा उघडला, त्याचं झाकण पुढे केलं आणि म्हणाली, "सकाळचं आहे. गार झालंय. चालेल?"

मी तोंड उघडणार होते. धाकटीने माझा हात दाबला.

"चालेल," हे म्हणाले, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. भाकरीचा तुकडा मोडला, गार भाजीला लावला आणि खाल्ला. शेवटपर्यंत सगळं खाल्लं, आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.